बसलेल्या गाईच्या पाठीवर

"जपानला गेलीस आणि टोकियो नाही बघितलंस?"

परत आल्यापासून आमच्या मंडळातल्या निम्म्या बायकांनी मला हे विचारलंय. नाही बघितलं. टोकियोत मी विमानातून उतरले आणि ट्रेनमध्ये बसले. आठ दिवसांत बघितलं ते एक लहानसं गाव, त्या गावाच्या डोक्यावरचा डोंगर आणि डोंगराच्या डोक्यावरचा किल्ला. मी मूळची साताऱ्याची. आमच्या गच्चीतून अजिंक्यतारा दिसायचा, त्यामुळे मान वर केली की किल्ला दिसला पाहिजे अशी डोळ्यांना सवय. शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये तीस वर्षं झाली, इथे मान वर केली की पाण्याची टाकी दिसते. तेव्हा टोकियोच्या उंच बिल्डिंगांचं मला कौतुक सांगू नका.

पण खरं सांगायचं तर मी किल्ला बघायला गेलेच नव्हते. मी लेकीला परत आणायला गेले होते.

केतकी आमची एकुलती एक. इथेच जन्मलेली, अठ्ठावीस वर्षांची, आर्किटेक्ट. शिकागोच्या एका फर्ममध्ये चांगली चालली होती. गेल्या वर्षी बिनपगारी रजा घेऊन जपानला गेली, तिथल्या जुन्या मातीच्या भिंती कशा दुरुस्त करतात ते शिकायला. एक वर्ष म्हणजे एकच वर्ष, असं स्वतः म्हणाली होती. आणि सप्टेंबरमध्ये व्हिडिओ कॉलवर म्हणते, "आई, आय माइट स्टे."

माझा नवरा अरुण म्हणाला, "तिचं तिला ठरवू दे." मी म्हटलं, ठरवू दे ना, पण माझ्यासमोर ठरवू दे. शिकागोच्या ऑफिसला तिनं ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मी त्याच्या आधीच्या शनिवारी पोचेन असं तिकीट काढलं. जाताना एक, येताना दोन. तिला न विचारता. मी इन्शुरन्स कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. लोकांना आपल्याला हवं ते ठरवायला लावायचं आणि ते त्यांनीच ठरवलंय असं त्यांना वाटू द्यायचं, हे मी रोज सकाळी नऊ ते पाच करते. पोटच्या पोरीला वळवायला आठ दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी, असा माझा हिशोब होता.

ताकाहाशी

गावाचं नाव ताकाहाशी. दोन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये नदी, आणि नदीच्या कडेनं गाव लांबडं पसरलेलं, कारण रुंद व्हायला जागाच नाही. उत्तरेला जो डोंगर आहे त्याच्या नावाचा अर्थ बसलेली गाय. त्या गाईच्या पाठीवर किल्ला. स्टेशनवर उतरल्या उतरल्या मी मान वर केली. गाय दिसली नाही, किल्लाही दिसला नाही. नुसती झाडी.

केतकी न्यायला आली होती. मी आधी तिचे हात बघितले. नखं बारीक कापलेली, बोटांच्या चिरांमध्ये माती बसलेली, मनगटं मात्र चांगली जाड झालेली. पियानोच्या क्लासला सात वर्षं ने-आण केलेले हात ते.

"काय हे," मी म्हटलं.

"हाय टु यू टू, आई," ती म्हणाली आणि माझी बॅग एका हाताने उचलून जिना चढायला लागली. तेवीस किलोची बॅग.

ती मियोको-सान नावाच्या एका आजींच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. 'सान' म्हणजे आपलं 'ताई', 'राव' तसं काहीतरी. मियोको-सान पंच्याहत्तरीच्या, काटक आणि माझ्याइतक्याच हट्टी. पोचल्या पोचल्या मी त्यांना स्टीलच्या डब्यातून चिवडा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा परत आला, घासूनपुसून, आणि आत लिंबाच्या जातीच्या कुठल्याशा फळाची, भाताच्या पिठाची मऊ वडी. रिकामा डबा परत करायचा नाही हे यांनाही ठाऊक, म्हणजे माणसं घरंदाज, असं म्हणून मी त्यात शंकरपाळे भरून दिले. संध्याकाळी डबा परत, आत चेस्टनट घातलेला भात. मी पुन्हा चिवडा भरायला घेतला तेव्हा केतकीनं माझा हात धरला.

"आई, स्टॉप. त्या थांबणार नाहीत. दिस विल नेव्हर एंड."

"मग मी थांबू होय?" मी म्हटलं. मी थांबले नाही.

रविवारी केतकीनं गाव दाखवलं. गावाची एक खासियत म्हणजे 'इंडियन' टोमॅटो नूडल्स. गल्लीतल्या छोट्या खानावळीत त्याची पाटी लावलेली. समोर आलं ते असं: परतलेल्या नूडल्स, त्यात करी पावडर, वर टोमॅटो. इंडियन म्हणजे पिवळं. खानावळवाल्या बाईंनी केतकीकडून विचारलं, तुमच्याकडे घरी असंच असतं ना? त्यांचा चेहरा इतका आशेनं भरलेला की मी म्हटलं, अगदी असंच. केतकीनं टेबलाखाली मला लाथ मारली. चवीला मात्र छान होतं, मी सगळं संपवलं.

मग आम्ही जुन्या सामुराईंच्या गल्लीत गेलो. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती, भिंतींवर कौलांची टोपी. एका भिंतीपाशी थांबून केतकी सांगायला लागली. आत बांबूची जाळी, त्यावर भाताचं काड कालवलेली माती. ती माती महिनोन्‌महिने भिजत ठेवतात, घाणेरडा वास येतो, पण त्यामुळेच ती धरून राहते. त्यावर वाळूमिश्रित मातीचा थर, आणि सगळ्यात वर पांढरा चुना. बोलताना तिचे हात हवेत थापी फिरवत होते. ही पोरगी ऑफिसबद्दल बोलताना मी अशी कधी बघितली नव्हती. मी मुद्दामच काही कौतुक केलं नाही. "शिकागोत पण आता जुन्या बिल्डिंगांचं काम निघतंय म्हणे," एवढंच म्हटलं. तिचे हात खाली आले.

आणि मला मनातून कळत होतं की चूक माझीच आहे.

साताऱ्याकडची माणसं दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात. केतकी सहा वर्षांची झाल्यावर मी ठरवलं, शॉमबर्ग असलं म्हणून काय झालं, आपणही करायचा. पहिल्या वर्षी दुकानातून कुंडीत घालायच्या मातीच्या चार पिशव्या आणल्या. त्या मातीत पांढरे हलके मणी असतात. आमचा किल्ला साबुदाण्याच्या खिचडीसारखा दिसला आणि पहिल्या पावसात ड्राइव्हवेवर आला. दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले. मागे नवीन घरं बांधत होते, तिथली चिकट काळी माती त्या लोकांना विचारून बादल्यांनी आणली. तेव्हापासून केतकी कॉलेजला जाईपर्यंत दर दिवाळीत आमच्या दारात किल्ला झाला. बाहेर थंडी मरणाची, अंगात जाड जॅकेट, आणि आम्ही मायलेकी उघड्या हातांनी चिखलात. ती घाई करायची, वाळलेल्या बुरुजावर तसाच नवा गोळा थापायची आणि तो सुटून पडायचा. मी ओरडायचे, "आधी पाणी, मग माती! कितींदा सांगायचं?" वाळलेली माती तहानलेली असते, ती नव्या मातीतलं पाणी पिऊन टाकते, मग धरणार काय? आधी जुन्या मातीला पाणी पाजायचं. एवढं साधं.

पियानो, बुद्धिबळ, गणिताचे क्लास, सगळं वाहून गेलं आणि चिखल तेवढा राहिला.

धुकं

या किल्ल्याची खरी मजा म्हणे समोरच्या डोंगरावरून. पहाटे दरीत ढग भरतात आणि त्यावर किल्ला तरंगताना दिसतो. सोमवारी आम्ही पहाटे उठून, मियोको-सानची छोटी गाडी घेऊन तिथे गेलो. आठ-दहा माणसं मोठमोठे कॅमेरे लावून उभी होती. उजाडलं. पांढरं. आणखी उजाडलं. आणखी पांढरं. दरीत ढग होतेच, पण ते इतके वर आले होते की किल्ला, डोंगर, गाय सगळं आत. हाताच्या अंतरावरचा कठडाही अर्धाच दिसत होता.

महाबळेश्वरला एखाद्या पॉइंटवर असं झालं असतं तर लोकांनी सरकारपासून सुरुवात केली असती. इथे कुणी हूं की चूं केलं नाही. एका गृहस्थांनी मला बघून टोपी काढली आणि वाकून काहीतरी म्हणाले. केतकीनं सांगितलं, "ते सॉरी म्हणतायत. तू एवढ्या लांबून आलीस आणि आज असं झालं म्हणून." ढगांच्या वतीनं माफी. मी पण वाकून म्हटलं, असू दे, असू दे.

परतताना गाडीत केतकी म्हणाली, "आई, मला एक सांगायचंय." मी कान टवकारले. ती जेव्हा मराठीत सुरुवात करते तेव्हा काहीतरी मोठं असतं. पुढचं इंग्रजीतच आलं, पण अर्थ असा: तिचे उस्ताद, ज्यांना सगळे ओयाकाता म्हणतात, ते वर किल्ल्यावर एका मातीच्या भिंतीची डागडुजी करतायत. भिंतीचा एक तुकडा त्यांनी तिला एकटीला दिलाय. गुरुवारी ते तो तपासणार. पसंत पडला तर ते तिला पुढची चार वर्षं शिष्य म्हणून ठेवून घेतील.

"आणि नाही पडला तर?"

"देन आय कम होम."

"होईल गं सगळं नीट," मी मोठ्यानं म्हटलं. आणि मनातल्या मनात गणपतीला जे म्हटलं ते अगदी उलट होतं. देवा, त्या म्हाताऱ्याला तो तुकडा आवडू देऊ नकोस. सांगायला लाज वाटते, पण असंच म्हटलं.

मंगळवार-बुधवार ती कामावर गेली. मी एकटी गावात हिंडले. एका देवळाच्या बागेत कातरलेल्या हिरव्या झुडपांच्या लाटा बघत दोन तास बसून राहिले. तिचं सामान दोन बॅगांत मावेल की तीन लागतील याचा अंदाज घेऊन ठेवला.

गड

गुरुवारी सकाळी केतकी म्हणाली, टॅक्सी अर्ध्या डोंगरावरच्या खिंडीपर्यंत जाते, तिथून वीस मिनिटं चढ आहे. मी म्हटलं, किल्ल्याला टॅक्सीनं जायला मी काय पाहुणी आहे? आम्ही खालून, गावातून चढलो.

पहिल्या पायरीला मी वाकले, हात लावला आणि कपाळाला लावला. गड चढताना आम्ही असंच करतो. केतकीनं नेहमीप्रमाणे इकडेतिकडे बघितलं, कुणी बघत तर नाही ना. इलिनॉयमध्ये स्टार्व्ह्ड रॉक नावाच्या कड्यावर गेलो तेव्हाही मी हे केलं होतं, तेव्हापासून तिला माझी भीती वाटते.

चढ चांगला होता. पाच मिनिटांत माझा भाता सुरू झाला, पण मी तोंड मिटून चालले. वाटेत जागोजागी पाट्या लावल्यात, किल्ल्याचा धनी आपल्याला बोलतोय अशा थाटात. एका पाटीवर लिहिलंय, पुढे पायाखालची वाट बरी नाही, घाई न करता सावकाश चालावे. केतकीनं ती वाचून दाखवली. मी म्हटलं, मालकांचं ऐकलंच पाहिजे, आणि दगडावर बसले. झाडीत माकडं होती. आपल्याकडच्यासारखी पिशवी ओढायला आली नाहीत, लांबूनच बघत बसली.

आणि मग एक वळण घेतलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले. उभा काळा कातळ, त्या कातळाच्या डोक्यावरच रचलेला दगडी तट, आणि तटावर पांढरी भिंत. डोंगर कुठे संपला आणि माणसाचं काम कुठे सुरू झालं ते कळतच नाही. सह्याद्रीतला कुठलाही गडी हे बघून म्हणाला असता, हा आपल्यातलाच आहे. भिंतीला जंग्या, म्हणजे शत्रूवर नेम धरायची भोकं. काही चौकोनी, बाणांसाठी. काही गोल, बंदुकीसाठी. मी पहिलं काय विचारलं तर पाण्याचं टाकं कुठाय. केतकी म्हणाली, आहे, मागे रानात, पण इथे येणाऱ्यांपैकी हे विचारणारी तूच पहिली. मला बरं वाटलं.

बालेकिल्ला म्हणजे दोन मजली लाकडी घरच, एवढंसं. चपला काढून पिशवीत घ्यायच्या आणि शिडीसारख्या जिन्यानं वर जायचं. आत जमिनीत चौकोनी चूल आहे, वेढा पडला की आतच रांधायला. किल्ल्याला किल्लेदार म्हणून एक मांजर ठेवलंय, लोक त्याचेच फोटो काढत होते. मांजरानं आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. सगळ्या किल्ल्यांत सुखी किल्लेदार बघितला तो हाच.

मग केतकी मला दोरी ओलांडून खालच्या तटाच्या आतल्या बाजूला घेऊन गेली. तिनं एक ओलसर कापड अलगद बाजूला केलं.

"धिस वन इज माइन," ती म्हणाली.

दारभर उंच, दारभर रुंद मातीचा तुकडा. दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांची भिंत, मध्ये हिचं काम, आणि रंगात तसूभर फरक नाही. तिनं नसतं सांगितलं तर मी शोधू शकले नसते.

"ओयाकाता खिंडीत आलेत, मी त्यांना घेऊन येते. आई, डोन्ट टच एनीथिंग, ओके?"

ती गेली. मी एकटी उरले. समोर गडाची भिंत. अठ्ठावन्न वर्षांची सवय. मी कुठे विचार केला? हात पुढे केला, तळवा भिंतीला टेकवला आणि तोच कपाळाला लावला.

भिंत मऊ होती.

डोळे उघडून बघते तर समोर माझा पंजा. पाचही बोटं, आणि अंगठीची खूणसुद्धा.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते, कारण इतकं सांगितलंय तर हेही सांगायला हवं. पहिलं आलं, चला, सुटलो. ती घरी येणार. तेवढं एक क्षणभर आलं, आणि मग बाकीचं लक्षात आलं. सोमवारी जे मागितलं होतं ते देवानं दिलं होतं, आणि द्यायला माझाच हात वापरला होता. माझ्या पोरीनं कुणी सांगितलं नसताना, कुणी कौतुक केलं नसताना, जे काम जीव ओतून केलं त्यावर मी पंजा उमटवला. मी घाबरून बोटांनी ती खूण सपाट करायला गेले. आणखी बिघडलं.

पावलं वाजली. पुढे ओयाकाता, सत्तरीचे, बुटके, कमरेला पंचा खोचलेला. मागे केतकी. तिनं भिंत बघितली. माझ्याकडे एकदा बघितलं. मग ती म्हाताऱ्यांकडे वळून कमरेत खोल वाकली आणि जपानीत काहीतरी म्हणाली. भाषा मला येत नाही. पण इथली माणसं 'मी' म्हणताना स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवतात एवढं मला पाच दिवसांत कळलं होतं. केतकीचं बोट तिच्या नाकाकडे होतं.

ओयाकातांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग बराच वेळ माझ्या कपाळाकडे. कमरेचा पंचा काढून त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी कपाळ पुसलं आणि पंचा बघितला. चांगला तीन बोटं चिखल.

मी माझ्या नाकाकडे बोट दाखवलं. "मी," मी म्हटलं. "मी केलं. ती नाही."

केतकीनं ते भाषांतर केलं नाही. गरजही नव्हती. ओयाकातांनी घड्याळ बघितलं, दोन वाक्यं बोलले, एक बादली उलटी घातली आणि तिच्यावर बसले.

"काय म्हणाले?"

"तीनपर्यंत पुन्हा कर म्हणाले. ही इज गोइंग टु वॉच." तिनं बाह्या वर केल्या.

मी बाजूच्या दगडावर बसले. तिनं वरचा थर खरवडून काढला. थापीचा आवाज, आणि झाडीत कुठेतरी पक्षी. खालचा थर दिसायला लागला, फिकट, कोरडा. तिनं नवी माती पाटीवर घेतली आणि माझं तोंड आपोआप उघडलं, "आधी पा..."

तिनं माती खाली ठेवलेलीच होती. ब्रश पाण्यात बुडवून ती भिंतीला पाणी पाजत होती. एकदा पाजलं, थांबली, हाताच्या पालथ्या बाजूनं चाचपलं, पुन्हा पाजलं.

ओयाकाता माझ्याकडे वळले आणि बोलायला लागले. केतकी भिंतीकडे तोंड करूनच भाषांतर करत होती, तुकड्यातुकड्यानं, मराठी-इंग्रजी मिसळून. ते म्हणत होते, कॉलेजमध्ये शिकलेली मुलं येतात ती पहिल्या दिवशी कोरड्या भिंतीवर माती फेकतात. ही आली तिनं आधी पाणी मागितलं. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, माझी आई अमेरिकेत दर वर्षी किल्ला बांधायची. मला वाटलं हिचा शब्द चुकला असेल.

"केवढा असायचा तुमचा किल्ला?" त्यांनी विचारलं.

मी गुडघ्याच्या थोडा वर हात धरून दाखवला. ते हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

"आणि तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आमच्या गल्लीत सगळ्यांनाच येतं," मी म्हटलं.

केतकीनं ते सांगितलं. ते म्हणाले, ती गल्ली बघायला आवडेल.

पुढचे दोन तास काम चाललं. तिची थापी खालून वर जायची, थांबायची, तिरपी व्हायची, पुन्हा खालून वर. थर बसला की ती थापीच्या पाठीनं दोनदा हलकं थोपटायची. बुरूज पूर्ण झाला की आठ वर्षांची केतकी असंच दोनदा थोपटायची. मी ते बघत बसले आणि ठरवून ठेवलेली सगळी वाक्यं, शिकागोची, घराची, थंडीच्या कोटाची, माझ्यापाशीच राहिली.

तीनला दहा कमी असताना ओयाकाता उठले. भिंतीला गाल लावावा तितकं जवळ जाऊन त्यांनी तिरप्या उजेडात बघितलं. कडेला नख फिरवलं, जिथे जुनी भिंत आणि नवी माती मिळते तिथे. मग थापी धुवायला सांगितली आणि जाता जाता काहीतरी बोलले. केतकी वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही.

"काय म्हणाले? केतकी, काय म्हणाले?"

"उद्या सात वाजता ये, म्हणाले." तिचे डोळे भरले होते. "एवढंच म्हणतात ते."

आम्ही उतरायला लागलो. त्या पाटीपाशी आल्यावर ती म्हणाली, "आई, यू हॅवन्ट सेड इट ऑल डे."

"काय?"

"कम होम. आणि ते दुसरं तिकीट मला माहितीये. बाबानं सांगितलं."

अरुणचं मी नंतर बघून घेतलंच. पण तेव्हा मी त्याच दगडावर बसले आणि रडले. चांगली हुंदके देऊन रडले, माकडं बघत असताना. केतकी शेजारी बसली. तिच्या हातांना मातीचा वास येत होता. मला वाईट वाटत होतं ते ती राहणार याचं, आणि मी तिचं काम जवळजवळ मोडलं याचं त्याहून जास्त. दोन्ही तिला सांगितलं. गणपतीला काय म्हटलं होतं तेही सांगितलं. ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

"शिकागोला कळवायला उद्यापर्यंत थांबू नकोस," मी नाक पुसून म्हटलं. "आजच कळव. आणि इमेल नीट लिही, वर्षभर जागा धरून ठेवली त्याबद्दल थँक यू म्हण. आधी मला दाखव, मग पाठव."

"येस, आई," ती म्हणाली.

मी ते इमेल वाचलं, दोन ठिकाणी दुरुस्त केलं आणि तिच्यासमोर फोनवर तिचं तिकीट कॅन्सल केलं. रविवारी निघताना मियोको-सान स्टेशनवर आल्या आणि ट्रेन सुटायच्या मिनिटभर आधी माझा स्टीलचा डबा खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला. आत भाजलेले चेस्टनट. आता तो भरून परत द्यायचा म्हणजे मला जावंच लागणार, याची त्यांनी सोय करून ठेवली. गाडी पुलावर आली तेव्हा मी मागे वळून बघितलं आणि मला एकदम गाय दिसली. पाय पोटाशी घेऊन, मान खाली घालून निवांत बसलेली.

शॉमबर्ग

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी गॅरेजमधून फावडं काढलं. दहा वर्षं काढलं नव्हतं. अरुण म्हणाला, "आता कुणासाठी?" मी म्हटलं, बादली धर. दुपारपर्यंत ड्राइव्हवेच्या कडेला गाय बसली. तिच्या पाठीवर तट केला, जंग्यांना पेन्सिलनं भोकं पाडली, वर पुठ्ठ्याचा दोन मजली बालेकिल्ला ठेवला. बाहेरून येणाऱ्या शेजाऱ्यानं गाडी हळू करून बघितलं आणि अंगठा दाखवला. मी चार बाजूंनी फोटो काढले आणि केतकीला पाठवले. तिकडे रविवारची सकाळ झाली असणार.

दहा मिनिटांत तिचा व्हॉइस मेसेज आला. मी तो किचनमध्ये उभी राहून दोनदा ऐकला. ही पोरगी मला आजवर मराठी-इंग्रजी मिसळूनच उत्तरं देत आली. हा मेसेज सुरुवातीपासून शेवटपर्यंत मराठीत होता.

"आई, किल्ला मस्त झालाय. पण डाव्या बाजूच्या तटाला भेग दिसतेय बघ. घाई केलीस. कितींदा सांगायचं? आधी पाणी, मग माती."

मी जॅकेट घातलं, तांब्या भरून घेतला आणि बाहेर गेले.